खांडीतलं काळं गवत

वयं काढणं हा माझा धंदा होता. माणसांची नव्हे, ती काढायला लावली असती तर मी पहिल्याच महिन्यात नोकरी सोडली असती. लाकडाची, कोळशाची, करपलेल्या धान्याची, हाडांची. एका प्रयोगशाळेत रेडिओकार्बन पद्धतीने वस्तूंचं वय ठरवण्याचं काम मी निवृत्त होईपर्यंत केलं आणि आता मांडव्याजवळ घर करून राहते आहे. शेजारी अधूनमधून येऊन विचारतात, "मॅडम, आमच्या परसातल्या आंब्याचं वय सांगा की." मी म्हणते, आधी तो मरू दे, मग बघू. यावर ते जे बघतात त्यावरून माझ्याविषयी गावात काय मत आहे ते मला कळतं.

पद्धत सांगते, घाबरू नका. हवेतल्या कार्बनमध्ये अगदी चिमूटभर भाग किरणोत्सारी असतो. झाडं तो हवेतून घेतात, झाडं खाऊन गुरं घेतात आणि दोघांनाही खाऊन आपण घेतो. जीव आहे तोवर ही भर पडत राहते. जीव गेला की भर थांबते आणि असलेला साठा सावकाश कमी होत जातो. निम्मा व्हायला सुमारे पावणेसहा हजार वर्षं लागतात. पाझरणारा माठ समजा. तो कधी भरला ते माहीत नाही, पण पाझरायचा वेग ठाऊक आहे. आत उरलेलं पाणी मोजलं की भरल्याचा काळ निघतो. इतकं सोपं आहे. बाकीची सगळी अक्कल जाते ती मधल्या मध्ये कुणी वरून तांब्याभर पाणी ओतून तर गेलं नाही ना, हे शोधण्यात.

गिऱ्हाइकं मात्र सोपी नसत. पालीच्या बाजूच्या एका गावातून देवळाचे पंच आले होते, खांबाची ढलपी वर्तमानपत्रात बांधून. शेजारच्या गावाच्या देवळापेक्षा आपलं देऊळ जुनं निघावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. मी आकडा सांगितला आणि त्यात थोडं मागेपुढे धरावं लागतं हेही सांगितलं. पंच म्हणाले, "मग मागंच धरा की, मॅडम. तुमचं काय जातंय?" मी त्यांना समजावलं, ही ढलपी खांबाच्या गाभ्यातली आहे. गाभा म्हणजे झाडाचं लहानपण. तेव्हा हे वय त्या झाडाच्या बालपणाचं झालं, देऊळ त्याहून बरंच तरुण असणार. पंचांनी मान डोलावली, आभार मानले, आणि पुढच्या उत्सवाच्या पत्रिकेवर माझाच आकडा देवळाच्या नावाने छापून मला प्रेमाने पाठवून दिला.

चक्रीवादळानंतर दिवेआगरचे एक बागायतदार आले होते. त्यांच्या वाडीतला माड मुळासकट उपटला गेला आणि खड्ड्यात शिंपल्यांचा थर निघाला. शिंपल्यांवर मी कधी भरवसा ठेवत नाही. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच शिळा असतो, त्यामुळे काल मेलेलं कालवसुद्धा काहीशे वर्षांचं म्हातारं दिसतं. मी तसं सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "निम्मी वाडी गेली हो. खाली काहीतरी जुनं टिकलेलं निघालं तर बरं वाटेल, एवढंच." त्या थरातच कोळशाचा एक तुकडा होता, तो मी तपासला. फार जुना नव्हता, पण त्यांच्या पणजोबांच्या आधीचा नक्की होता. त्यांनी आनंदाने सुपाऱ्यांची पिशवी पाठवली. मी सुपारी खात नाही हे सांगायचा मला धीर झाला नाही.

पण मला लिहायचंय ते एका बांधाविषयी.

धरमतरच्या खाडीकाठची भातशेती, तिला खार म्हणतात, समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली आहे. खारं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचे लांबच लांब बांध घातलेले असतात. भरती-ओहोटी पाहून पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. आणि उधाणाच्या मोठ्या भरतीने बांध फुटला की त्या भगदाडाला म्हणतात खांड. खांड पडली की पुढचं उधाण यायच्या आत ती बुजवावी लागते. नाहीतर पिकात खारं पाणी शिरतं आणि त्या वर्षाचंच नव्हे, पुढच्या वर्षांचंही भात जातं. म्हणून खांड पडली की गाव घरात बसत नाही. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात आणि चिखल धरून राहावा म्हणून मधेमधे पेंढ्याचे थर घालतात. पेंढा ज्याने त्याने आपल्या घरून आणायचा, अशी रीत.

हा पेंढा म्हणजे माझ्यासारखीला लॉटरी. कोळसा कुठल्या जुन्या खोडाचा असेल सांगता येत नाही, शिंपले लबाड, चिखलात कुठल्या जमान्याचा गाळ. पेंढा मात्र त्या किंवा आदल्या वर्षीचाच असणार. आणि काळ्या ओल्या चिखलात, हवा न लागता, तो शेकडो वर्षं पडून राहतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिथल्या एका गावात जुना बांध कापून नवा पक्का बांध घालायचं काम निघालं. जुन्या बांधाचा उभा छेद उघडा पडणार होता. आम्ही परवानगी मागितली आणि मिळाली. बांधाची सगळी व्यवस्था पाहणारे हिराजी पाटील आमचे यजमान झाले. पंचाहत्तरी ओलांडलेले, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्यांच्यासोबत नेहमी असायचे महादू गायकवाड, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, गावच्या बौद्धवाडीतले. वयाने हिराजींपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. रोज दुपार कलली की दोघे उघाडीजवळ बांधावर बसायचे आणि भांडायचे. विषय कुठलाही चाले.

पहिल्या दिवशी यंत्राने छेद घेतला, थर सुरेख दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नमुने काढायची हत्यारं घेऊन पोचलो. संपूर्ण छेद शेणाने गुळगुळीत सारवलेला. वर पांढऱ्या रांगोळीचं कमळ. खाली उदबत्तीची राख. शेण म्हणजे याच वर्षीचं गवत, हजार वर्षांच्या बांधाला एका रात्रीत तान्हं बाळ करून टाकेल असं. हिराजींची बायको जनाबाई कमरेवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होती.

"बाय, पावनी मानसं येनार, फोटू कारनार, नि भित अशी उघरी ठेवाची का?" ती म्हणाली.

मी रागावणार होते, शपथेवर सांगते. पण तिच्या कोपरापर्यंत शेण होतं आणि चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद. मी म्हटलं, "छान झालंय." मग तिला चहाला पाठवलं आणि आमच्या चमूतल्या मुलांनी हातभर आतपर्यंत तो छेद पुन्हा तासून काढला. तिने परत येऊन पाहिलं तेव्हापासून ती काम संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

थर दिसायला लागले तसं एक लक्षात आलं. बांधाला एक वय नसतं. तळाशी एक बांध, त्यावर दुसरा, मग कुठे जुनी खांड बुजवलेली, तिच्या पोटात आणखी एक खांड. सरपंचांना बोर्डावर लिहायला एक आकडा हवा होता. मी म्हटलं, जितक्या खांडी तितकी वयं. त्यांना हे उत्तर चुकवाचुकवीचं वाटलं.

सगळ्यात वरची, बांधावर नंतर बसवलेल्या दगडांच्या अस्तराच्या, पिचिंगच्या, लगेच खालची, ती गावाच्या तोंडी 'मोठी खांड' म्हणून असलेली. हिराजींनी तिची कहाणी मला पहिल्या चहालाच ऐकवली होती. श्रावणात फुटली, सगळा गाव चिखलात उभा राहिला, उधाणाच्या तोंडावर ती बुजली. "पन नवी खांड वल्ली असते. तिला एकटी सोरायची न्हाय. उधान जाईपरत तिच्यावर मानूस निजला पायजे, कुठं पाझरतंय का बगाया. त्या वरसाला मानसं इतकी दमली का कोन थांबलाच न्हाय. सगली घरा जाऊन परली. नि तरी खांड टिकली. का टिकली? गावातनं दिसायचा, बांधावर कंदील. रोज. देवीनं राखन केली."

दर श्रावणात हिराजी त्या जागी नारळ फोडतात. गायकवाड ही कहाणी शेकडो वेळा ऐकल्यासारखे ऐकत होते आणि खाडीकडे बघत होते.

दोघांचं खरं भांडण या खांडीवरच होतं. ती दीक्षेच्या आधीची की नंतरची? महाराष्ट्रात छप्पन्न साल म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. हिराजी म्हणायचे, आधीची. "तवा तुमची मानसं दवंडी झाली का येयाची, गावकीचं काम व्हतं त्यांना. दीक्षा घेतली नि ते काम सोरलंत. बरोबर केलंत, मी चूक म्हनत न्हाय. पन मंग बांधावर कोन येईल, म्हादू?"

"आम्ही आलो होतो. नंतर आलो होतो," गायकवाड म्हणायचे.

"तू केवढा व्हतास रं? चड्डी न्हाय व्हती तुला. मी मोठा व्हतो."



उघाडीच्या बाजूने तासताना मोठ्या खांडीच्या पोटात आम्हाला एक वेगळा थर लागला. इतर सगळीकडे भाताचा पेंढा होता. इथे लांब काडीचं डोंगरगवत, एका अंगाने काजळी धरलेलं, आणि त्यात काथ्याच्या गाठी. मला वाटलं चुलीपुढचा केरकचरा असावा. हिराजी तेव्हा घरी गेले होते. गायकवाड जवळ आले, त्यांनी एक गाठ बोटांनी चाचपली आणि बराच वेळ हातातून सोडली नाही.

"छपराचं हाय," ते म्हणाले. "आमच्या वाडीला खारात जमीन नव्हती, मॅडम. भात न्हाय तर पेंढा कुठला? उघाडीकडची बाजू आमच्या लोकांना दिली होती. बाबानं घरावर चढून छप्पर ओढलं. ते मला दिसतं अजून. आई खाली उभी होती, माझा हात धरून."

मी विचारलं, हे तुम्ही हिराजींना कधी सांगितलं नाही?

"काय सांगू? हिराजी म्हणतो तसं ते आधीचं असेल, तर छप्पर आमच्याकडनं घेतलं. दवंडी झाली, काढा म्हणाले, काढलं. नंतरचं असेल तर माझ्या बापानं ते दिलं. बाप मी लहान असतानाच गेला. आईला विचारलं तर ती म्हणायची, गेलं ते गेलं. मला एवढंच कळायला हवंय, घेतलं की दिलं." मग म्हणाले, "तुमच्या मशीनमधनं निघेल?"

मी आयुष्यभर वयं काढली, पण इतकं साधं आणि इतकं जड काम माझ्याकडे कुणी आणलं नव्हतं. आणि गंमत अशी की हे काम माझ्या शास्त्राला नेमकं जमणारं होतं. काहीशे वर्षांपूर्वीची वस्तू असेल तर मी शे-पन्नास वर्षं इकडेतिकडे सांगते आणि वर मान ताठ ठेवते. पण पन्नासच्या दशकात आणि साठच्या सुरुवातीला मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्याने हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. चाचण्या थांबल्यावर तो पुन्हा उतरत गेला. म्हणजे आपला माठ त्या काळात काठावरून वाहिला. तेव्हा उगवलेल्या प्रत्येक काडीत ती जास्तीची भर आहे. वर्षागणिक ती इतकी बदलत गेली की त्या काळापुरतं आमचं मोजमाप वर्ष-दोन वर्षांपर्यंत येतं. आणि ही भर ठळक दिसायला लागते ती छप्पन्नच्याच आगेमागे. बॉम्ब टाकणाऱ्यांना आमच्या खाडीकाठच्या कुणाच्या छपराशी काही घेणंदेणं नव्हतं, पण खूण ते करून ठेवून गेले.

मी दोन नमुने घेतले. एक पाटलांच्या बाजूचा पेंढा, एक उघाडीकडचं काळं गवत. काजळी चुलीतल्या जुन्या लाकडांची असू शकते, म्हणून ती धुऊन काढण्यात मी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घालवला. नमुन्यांवर फक्त आकडे टाकले, कुठला कुणाचा हे मोजणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं नाही. याचं कारण उघड आहे. मला गायकवाडांचं खरं निघायला हवं होतं, आणि आमच्या धंद्यात असं काही हवं असणं फार वाईट.

निकाल यायला पावसाळा उलटला. दोन्ही नमुने एकाच काळचे निघाले. दोन्हींत बॉम्बची भर होती, अगदी स्वच्छ. हवेतली भर चढत असताना आणि उतरत असताना, असं एकाच मोजमापाला दोनदा उत्तर जुळतं, त्यामुळे दोन काळ निघत होते. एक, दीक्षेनंतरच्या चार-पाच वर्षांतला. दुसरा, बराच अलीकडचा. पण तोवर बांधावर पिचिंगचे दगड बसून गेले होते आणि हे गवत तर दगडांच्या खाली होतं. म्हणजे पहिलाच. मी कागद तीनदा तपासला आणि मग प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. वयाच्या साठाव्या वर्षी, एका गवताच्या काडीसाठी. सांगायला लाज वाटत नाही.

हिराजींच्या ओटीवर आम्ही बसलो. जनाबाईने चहा आणला आणि मला झालेली शिक्षा संपल्याचं कळवायला बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. मी निकाल सांगितला. खांड दीक्षेच्या नंतरची. चूक असायला जागा नाही.

हिराजी आधी हसले. मग म्हणाले मशीन बिघडलं असेल. मग म्हणाले, बरं, नंतरची तर नंतरची, पण म्हादूची माणसं आली होती याला पुरावा काय? मी गायकवाडांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग मी काळ्या गवताचं सांगितलं. कुठे सापडलं, काजळी कशाची, गाठी कशाच्या.

हिराजींचा चहा बशीतच राहिला.

"छप्पर?" ते म्हणाले. "सरावनात?"

"व्हय."

"आमाला कसं कलला न्हाय?"

"आमच्या वाडीत तेव्हा कोण यायचं, हिराजी?" गायकवाड शांतपणे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते ऐकवत नव्हतं.

हिराजींनी अंगणाकडे बघत विचारलं, आणि खाडीपलीकडे जाणारा तो आवाज मला जेमतेम ऐकू आला. "मंग तो पावसाला निजलाव कुठं तुमी?"

"बांधावर. आमच्या घरची बाकीची वाडीत दुसऱ्यांच्या घरात दाटीवाटीनं राहिली. बाबा म्हणाला, वल्ली खांड एकटी सोडायची न्हाय, आणि आपल्याला कुठं घर हाय अडकून पडायला. मी, आई, बाबा, तिघं इरल्याखाली होतो. उधाण जाईपर्यंत."

"नि तो कंदील..."

"आईचा."

जनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. गायकवाड माझ्याकडे वळून म्हणाले, "दिलं होतं, मॅडम." मी म्हटलं, "दिलं होतं."

बांधाच्या तळातल्या पेंढ्याचं वय कित्येकशे वर्षं निघालं. सरपंचांना आकडा मिळाला, बोर्ड लागला, आम्हालाही आमचा शोधनिबंध मिळाला. त्यात मोठ्या खांडीला दोन ओळी आहेत. कंदिलाला एकही नाही, कारण कंदिलाचा नमुना नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या श्रावणात हिराजींनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. नवा बांध झाला आहे, पण मोठ्या खांडीची जागा त्यांना डोळे मिटून सापडते. नेहमीसारखा त्यांनी नारळ फोडला. एक भकल देवीच्या नावाने बांधावर ठेवलं. दुसरं गायकवाडांच्या पुढे धरलं.

"घे. तुझ्या आयेला ठेव."

गायकवाडांनी हात मागे घेतला. "आम्ही नारळ-बिरळ करत न्हाय रे. सोडलंय ते. तुला माहीत न्हाय काय?"

हिराजी भकल हातात घेऊन तसेच उभे राहिले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला पुढे काय करावं ते सुचेना. मग त्यांनी खाली बसून कोयत्याने खोबरं सोडवलं, त्याचे तुकडे केले आणि सगळ्यात मोठा तुकडा गायकवाडांच्या हातात कोंबला.

"मंग खोबरं हाय म्हनून खा," ते म्हणाले. "तुझ्या आयेचा हाय. इतकी वरसं दुसरीलाच देत आलो."

गायकवाडांनी तो खाल्ला. मग हिराजींनी एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही तिघं उघाडीकडे तोंड करून खोबरं चावत बसलो.